चला, गवत बघायला!

मुलांनो, सहलीला कुठं जायचं असं विचारलं की वर्गात एकच गलका होतो. कुणी म्हणतं किल्ला, कुणी म्हणतं समुद्र, कुणाला धबधबा हवा असतो. आज मी तुम्हांला घेऊन जाणार आहे गवत बघायला! हसलात ना? हसा, हसा. "त्यात काय बघायचं बाई, गवत तर कुठंही उगवतं," असंच तुमच्या मनात आलं असणार. मग आज आपण तेच तपासू या. गवत खरंच कुठंही उगवतं का? आणि नाही उगवलं तर काय होतं?

टोप्या घाला, पाण्याच्या बाटल्या भरून घ्या. जायचंय अहिल्यानगर जिल्ह्यात. हा आपला जुना अहमदनगर जिल्हा. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडी गावचा, म्हणून २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र अजून नुसतं 'नगर' येतं. आपणही बोलताना नगरच म्हणू या.

एक जिल्हा, दोन आभाळं

नकाशा उघडा बरं. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा जिल्हा शोधा. तोच हा! १७ हजार चौरस किलोमीटरहून मोठा आणि तालुके चौदा. पश्चिमेच्या टोकाला अकोले तालुका. तिथं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. त्याच तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडं पाऊस असा कोसळतो, की तो हजारो मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो. पण ढगांची सगळी पखाल सह्याद्रीवरच रिकामी होते. पुढं पारनेर, नगर, कर्जत, जामखेड, पाथर्डीकडं येईपर्यंत ढग नुसते पांढरे कापसासारखे उरतात. यालाच भूगोलाच्या पुस्तकात 'पर्जन्यछायेचा प्रदेश' म्हणतात. छाया म्हटलं की आपल्याला गार वाटतं, पण ही छाया मात्र होरपळवणारी!

अशा या जिल्ह्यात माणसांच्या जोडीला गुरंढोरंही भरपूर. अकोल्याच्या पावसात टिकणारी डांगी गाय, संगमनेर तालुक्याचं नाव मिरवणारी संगमनेरी शेळी, धनगरांची मेंढरं आणि गावोगावच्या गोठ्यांतल्या दुभत्या संकरित गाई. सकाळी डेअरीपुढं किटल्यांची रांग लागते. कोरडवाहू शेतकऱ्याचं पीक वर्षातून एकदा येतं, कधी येतही नाही. दुधाचे पैसे मात्र नेमानं येतात. तुमच्या वह्या-पुस्तकांचे, गणवेशाचे, आजोबांच्या औषधाचे पैसे कित्येक घरांत याच किटलीतून येतात.

आता एक गणित करा. ४०० किलो वजनाच्या दुभत्या गाईला रोज साधारण १० किलो चारा लागतो. हे वजन चाऱ्यातलं पाणी वगळून धरलेलं आहे बरं का! मग वर्षाला किती झाला? ३,६५० किलो. म्हणजे साडेतीन टनांहून जास्त, आणि तोही एकाच गाईला. हा चारा आणायचा कुठून?

बहात्तरचा दुष्काळ आणि छावणी

आजीला विचारा, "आजी, बहात्तरच्या दुष्काळात काय झालं होतं?" आजी तुम्हांला मिलोच्या लाल भाकरीबद्दल सांगेल, सुकडीबद्दल सांगेल, खडी फोडायला गेलेल्या माणसांबद्दल सांगेल. मग ती थोडा वेळ गप्प बसेल आणि गोठ्याबद्दल सांगेल. १९७२ साली माणसांना कसंबसं धान्य मिळालं, पण जनावरांच्या पुढं टाकायला वैरण नव्हती.

त्यानंतरही दुष्काळ येतच राहिले. २०१२-१३ मध्ये आला, २०१८-१९ मध्ये आला. तेव्हा नगर जिल्ह्यात जागोजागी जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. छावणी म्हणजे माळावर बांबू आणि शेडनेटचा मांडव, त्याखाली दावणीला बांधलेली शेकडो जनावरं. घरातलं एक माणूस गुरांबरोबर तिथंच मुक्कामाला. चारा म्हणून बहुतेक वेळा ऊस. आपल्याला ऊस गोड लागतो, पण रोज नुसता ऊसच खायचा म्हणजे रोज नुसता गूळ खाऊन राहण्यासारखं! पोट भरतं, पण अंगी लागत नाही.

ज्यांना छावणी गाठता येत नाही, ते काय करतात? काष्टी, घोडेगाव, लोणी हे या जिल्ह्यातले मोठे जनावरांचे बाजार. दुष्काळात सगळेच विकायला येतात आणि घेणारा कुणी नसतो. मग हजारोंची गाय मातीमोल किमतीला जाते. पुढच्या वर्षी पाऊस येतो, गवत येतं, पण दावण रिकामी असते. पुन्हा गाय घ्यायची तर कर्ज काढावं लागतं. म्हणून सांगते मुलांनो, गवत ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

हिवरे बाजारच्या डोंगरावर

आता आपण नगर शहराच्या पश्चिमेला जाऊ. नगर तालुक्यातच हिवरे बाजार हे छोटंसं गाव आहे. पाऊस वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर, आणि काही वर्षी त्याहूनही कमी. गावाला डोंगरांचा वेढा. आज या डोंगरांवर झाडं दिसतात आणि पावसाळा सरला की कमरेएवढं गवत वाऱ्यावर डुलतं. पण चाळीस वर्षांपूर्वी हेच डोंगर बोडके होते. विहिरी आटलेल्या आणि माणसं कामासाठी गाव सोडून चाललेली.

डोंगर बोडके का झाले? झाडं तोडली हे एक कारण. दुसरं कारण समजायला आधी गवताची एक गंमत ऐका. झाड शेंड्याकडून वाढतं, गवत मात्र बुडातून. म्हणून गाईनं शेंडा खाल्ला तरी ते मरत नाही, पुन्हा फुटतं. पण पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. तिथं अन्न तयार होतं आणि मुळांना पोचतं. कोवळं पान आलं की खा, पुन्हा आलं की पुन्हा खा, असं झालं तर मुळं उपाशी राहतात. शिवाय बी धरायला उसंतच मिळत नाही. एक दिवस ते ठोंब मरतं. मग पावसाच्या थेंबाला अडवायला कुणी नाही. पाणी धावत सुटतं आणि जाताना मातीही घेऊन जातं.

त्यातही गुरं काही वेडी नसतात. तुमच्या डब्यातला लाडू आधी संपतो आणि कारल्याची भाजी उरते ना? तसंच माळावर होतं. मारवेल, पवना, डोंगरी अशी चवीची, कसदार गवतं आधी संपतात आणि मागं राहते कुसळी. तिचं कुसळ तुम्ही पायजम्यातून उपटलं असेल. बी पुढं भाल्यासारखं टोकदार, मागं लांब शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. असं गरगर फिरत बी जमिनीत स्वतःला पेरून घेतं! पण तेच कुसळ मेंढीच्या कातड्यात घुसतं, जनावराच्या तोंडात रुततं. कुसळीसुद्धा कोवळेपणी, कुसळं येण्याआधी कापली तर गुरं खातात. नंतर ती नुसती टोचते.

१९८९ मध्ये या गावानं पोपटराव पवार या शिकलेल्या तरुणाला सरपंच केलं. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. गावकऱ्यांनी श्रमदान केलं, डोंगरउतारावर समतल चर खणले, झाडं लावली. आणि ग्रामसभेत दोन अवघड नियम केले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. कुऱ्हाडबंदी म्हणजे झाड तोडायचं नाही. चराईबंदी म्हणजे डोंगरावर गुरं मोकळी सोडायची नाहीत. शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला अण्णा हजारे १९७५ पासून जे काम करत होते, तिथंही चराईबंदीचा वापर झाला होता.

आता थांबा आणि विचार करा. ज्याची पाच एकर शेती आहे, त्याला चराईबंदी सोपी. पण ज्याच्याकडं जमीन नाही, नुसत्या चार शेळ्या आहेत, त्यानं काय करायचं? तुम्ही सरपंच असता तर त्याला काय सांगितलं असतं?

हा प्रश्न फार जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. इंग्रज सरकारच्या जंगल खात्यानं डोंगर आणि गायरानं आपल्या ताब्यात घेतली, त्यामुळं गरीब शेतकऱ्याच्या गुरांना चरायला जागाच राहिली नाही, अशी तक्रार त्यांनी त्यात मांडली आहे. त्याच पुस्तकात ताली-बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवा, असंही ते सांगतात.

मग हिवरे बाजारची बंदी आणि इंग्रजांची बंदी यांत फरक काय? पहिला फरक हा, की ही बंदी गावानं स्वतःच ग्रामसभेत ठरवली. दुसरा असा, की गवताला बंदी नव्हती, फक्त चरण्याला होती. विळा घ्या, गवत कापा, भारा डोक्यावर घ्या आणि घरच्या गव्हाणीत टाका. विळा वरून कापतो, त्यामुळं ठोंब शाबूत राहतं. खुरानं माती तुडवली जात नाही. एवढंच नाही, तर गुरं दिवसभर भटकत नाहीत, त्यामुळं शेणखतही गोठ्यातच सापडतं. तरीही सुरुवातीची वर्षं सोपी नसतात. भारा वाहायला माणूस लागतं, आणि तो बहुतेक वेळा आईच्या नाही तर ताईच्या डोक्यावर असतो. हे ज्या गावात सगळ्यांच्या लक्षात येतं, तिथंच अशी बंदी टिकते.

आणि फळ काय मिळालं? डोंगरावर गवत परतलं. चरांत पाणी मुरलं, विहिरींना पाणी आलं. १९९० च्या दशकाच्या मध्याला या गावात दिवसाला अवघं दीडशे लिटर दूध निघत होतं, ते पुढं ४,००० लिटरपर्यंत गेलं. पण पाणी आलं म्हणून गाव उसाच्या मागं लागलं नाही. जास्त पाणी पिणारी पिकं नकोत आणि शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, असंही गावानं ठरवलं. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो, जशी आई महिन्याच्या सुरुवातीला घरखर्चाची वही मांडते.

गवताचंही असतं विद्यापीठ!

डोंगरावरचं गवत राखायचं कसं, ते आपण पाहिलं. पण गवत पिकवताही येतं बरं का! ते बघायला नगरहून मनमाड रस्त्यानं उत्तरेला चला. राहुरी तालुक्यात आपल्याला महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागतं. १९६८ मध्ये ते स्थापन झालं. ज्वारी, ऊस, डाळिंब यांच्यासारखाच इथं चाऱ्याच्या पिकांवरही अभ्यास चालतो. शास्त्रज्ञ गवताची उंची मोजतात, पानं आणि खोड यांचं प्रमाण काढतात, त्यात प्रथिनं किती ते तपासतात. गवतालाही प्रगतिपुस्तक असतं, मुलांनो!

इथली प्रसिद्ध गवतं म्हणजे 'यशवंत' आणि 'फुले जयवंत'. ही संकरित नेपिअरची वाणं. नेपिअर मूळचं आफ्रिकेतलं. इतकं उंच वाढतं, की त्याला हत्ती गवतच म्हणतात. केनियातले छोटे शेतकरी आपल्या गाईंना हेच गवत घालतात. ते रांगडं आणि भरपूर फुटणारं. आपली बाजरी मऊ आणि गोडसर. दोघांचा संकर केला आणि दोघांचे गुण एकत्र आले. फुले जयवंतचं दुसरं नाव आरबीएन-१३. आरबीएन म्हणजे राहुरी, बाजरा, नेपिअर! पण खेचराला जसं पिल्लू होत नाही, तसं या संकरित गवताला उगवणारं बी होत नाही. म्हणून त्याचे ठोंब किंवा कांड्या लावतात. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, मग साधारण दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा. एकदा लावलं की दोन-तीन वर्षं चारा देतं. कापताना जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर बुडखा ठेवायचा. का ते आता तुम्हीच सांगा!

पण नेपिअरला पाणी लागतं. विहिरीला थोडं तरी पाणी असेल, त्यानं चार गुंठे लावावं. ज्याची शेती निव्वळ पावसावर आहे, त्यानं मारवेल, अंजन, पवना, डोंगरी यांच्याकडं वळावं. मारवेल तर आपल्याच मातीतलं गवत. राहुरीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून निवड करून 'फुले मारवेल' हे वाण दिलं. पहिल्या पावसात बांधावर ठोंब लावले की मुळं माती घट्ट धरतात. बांध फुटत नाही आणि वर चाराही मिळतो. पीक घ्यायची जागा तर मोडत नाहीच. अंजनाचं बी मात्र हलकं, केसाळ, वाऱ्यानं उडणारं. म्हणून माती आणि शेणात कालवून त्याच्या छोट्या गोळ्या करतात, वाळवतात आणि पावसाच्या तोंडावर पेरतात. या गोळ्या करायला मुलांचे हात फार कामाला येतात!

भाकरीबरोबर आमटी हवीच

नुसत्या भाकरीवर तुम्ही किती दिवस काढाल? गाईचंही तसंच आहे. ज्वारीचा वाळलेला कडबा आणि गवत म्हणजे तिची भाकरी. आमटी-उसळ म्हणजे द्विदल चारा. विज्ञानात एकदल आणि द्विदल शिकलात ना? गवतं सगळी एकदल. लसूणघास, चवळी, स्टायलो ही द्विदल. आपल्याकडं लसूणघासाला नुसतं 'घास'ही म्हणतात. राहुरीचं 'आरएल-८८' हे त्याचंच वाण. द्विदलांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात. म्हणून या चाऱ्यात प्रथिनं जास्त आणि जमिनीलाही खत मिळतं. कोरडवाहू शेतकऱ्याला स्टायलो बरं. ते अमेरिका खंडातून आलेलं, कमी पाण्यावर तग धरणारं. त्याच्या बियांचं कवच मात्र फार टणक, म्हणून पेरण्याआधी बी थोडा वेळ गरम पाण्यात ठेवतात.

मिसळण्याला आणखी एक कारण आहे. नेपिअरमध्ये ऑक्झॅलिक आम्ल असतं. ते अंगातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं. दूध देणाऱ्या गाईला तर कॅल्शियम फार लागतं. म्हणून नुसतं नेपिअर घालायचं नाही, आणि अगदी कोवळंही कापायचं नाही. उलट फार जून झालं तर खोड काठीसारखं होतं, गाय ते गव्हाणीत तसंच सोडते. कापणीची वेळ ओळखणं हीच खरी हुशारी. मारवेलसारखं गवत फुलोऱ्यात येऊ लागलं की कापावं. त्या वेळी ते भरपूरही असतं आणि कसदारही.

कोवळ्या ज्वारीपासून मात्र गुरांना जपा. पावसानं ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीत विष तयार होतं आणि जनावर दगावू शकतं. म्हणून ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच कापून घालतात.

आणि पावसाळ्यात चारा जास्त झाला तर? त्याचं लोणचं घालायचं! खरंच सांगते. हिरव्या मक्याची कुट्टी करून खड्ड्यात किंवा मोठ्या पिशवीत दाबून दाबून भरतात, हवा राहू देत नाहीत. आत जिवाणू आम्ल तयार करतात आणि दीड-दोन महिन्यांत आंबूस वासाचा मुरघास तयार होतो. हवा लागू दिली नाही तर तो उन्हाळाभर टिकतो. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी गोठ्यांच्या शेजारी आज अशा पिशव्या उभ्या दिसतात. दुष्काळ काही सांगून येत नाही. पण ज्याच्या घरी मुरघास आहे, बांधावर मारवेल आहे आणि गंजीला कडबा आहे, त्याला बाजाराकडं गाय ओढत न्यायची घाई नसते.

आता तुमची पाळी

सहलीनंतर निबंध लिहायला सांगत नाही, घाबरू नका! तीन कामं मात्र देते.

पहिलं. शाळेच्या कुंपणाजवळ एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा. त्यात किती प्रकारची गवतं आहेत ती मोजा. नावं गुरं राखणाऱ्या आजोबांना विचारा. त्यांना जी नावं येतात, ती पुष्कळदा आमच्या पुस्तकात नसतात.

दुसरं. तसेच दोन चौकोन निवडा. एकाला काटेरी फांद्यांचं कुंपण घाला, दुसरा मोकळा ठेवा. पावसाळा संपेपर्यंत दर रविवारी पट्टीनं उंची मोजून वहीत लिहा. चराईबंदी म्हणजे काय, ते ही वहीच तुम्हांला सांगेल.

तिसरं काम आई-बाबांसाठी. येत्या मृगात बांधाच्या एका कडेला, फार नाही, दहा पावलं लांब मारवेलचे ठोंब लावा. ते पहिल्या वर्षी कापायची घाई करू नका, मुळं धरू द्या. पुढं दर पावसाळ्यात त्यातलेच ठोंब काढून आणखी दहा पावलं वाढवा. तुम्ही सातवीत जाल तोवर सगळा बांध हिरवा झालेला असेल, आणि शेजारी ठोंब मागायला तुमच्याच दारात येतील. मागितले तर द्या हं, नाही म्हणू नका.